अ‍ॅल्युमिनियमच्या पिकअपवर सीबीचा अँटेना : प्रकल्प नोंदी

9 ऑगस्ट 2025

गाडी 2018 ची फोर्ड एफ-150, चार दारांची, साडेपाच फुटी हौद्याची. रेडिओ 40 चॅनलचा साधा एएम-एफएम सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे गाड्यांतून एकमेकांशी बोलायचा रेडिओ), उजव्या गुडघ्यापाशी डॅशच्या खाली बसेल एवढा. अँटेना अजून ठरायचा आहे. कोणता आणि कुठे, हे नीट मोजून ठरवायचं, म्हणून ही वही.

राहतो डेन्व्हरला लागून असलेल्या ऑरोरात. प्रयोगशाळांमधली उपकरणं दुरुस्त करणं हा व्यवसाय, त्यामुळे बाराही महिने आय-70 वरून डोंगर ओलांडून ग्रँड जंक्शनपर्यंत ये-जा असते. वाटेत 11,000 फुटांच्या वरचा आयझेनहॉवर बोगदा, मग 10,662 फुटांवरची व्हेल खिंड, पुढे ग्लेनवुड कॅन्यन. कॅन्यनमध्ये मोबाइलवर भरवसा ठेवता येत नाही. 2021 च्या जुलै-ऑगस्टमध्ये दरडी येऊन तिथला रस्ता दोन आठवड्यांच्या आसपास बंद होता. पुढे काय झालंय हे सगळ्यांत आधी ट्रकवाल्यांना कळतं आणि ते चॅनल 19 वर सांगतात. नकाशाच्या अ‍ॅपवर ते उमटेपर्यंत शेवटचा एक्झिट मागे पडलेला असतो.

शेजारचे सरदारजी जालंधरचे, लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात. त्यांना रेडिओ दाखवला. त्यांनी तो उलटासुलटाही करून पाहिला नाही. म्हणाले, "भाईसाहब, रेडिओ कोई भी चलेगा। अँटेना सोच के लगाना।"

10 ऑगस्ट

आधी कागदावरचं गणित. चॅनल 19 म्हणजे 27.185 मेगाहर्ट्झ. तरंगलांबी 11 मीटर, पाव तरंगलांबी पावणेतीन मीटर. जुन्या गाड्यांच्या मागच्या बंपरवर झुलणारी 102 इंची स्टीलची व्हिप याच हिशेबातून आली. तळाशी सहा इंची स्प्रिंग लावली की 108 इंच, म्हणजे जवळजवळ नेमकी पाव लहर. कॉइल नाही, जुगाड नाही. आखूड अँटेना कितीही भारी घेतला तरी या साध्या सळईच्या पुढे जात नाही.

ती इथे बसत नाही याचं कारण मात्र सरळ आहे. माझी गाडी 196 सेंटीमीटर उंच. छतावर पावणेतीन मीटर उभे केले तर शेंडा पावणेपाच मीटरवर जातो, आणि बोगद्याची उंचीची मर्यादा 13 फूट 11 इंच आहे, म्हणजे सव्वाचार मीटर. बंपरवर लावली तर खालचा अर्धा भाग टेलगेटला घासून उभा राहतो, आणि मागच्या एका कोपऱ्यात असल्यामुळे तिचा जोर तिरका समोरच्या विरुद्ध कोपऱ्याकडे जातो. उघड्या मैदानी मुलखात हे चालून जाईल. रोज ज्याला घरच्या गॅरेजच्या सात फुटी दारातून आत शिरायचंय त्याला नाही.

म्हणजे आखूड अँटेना घेणं आलं. आखूडपणाची किंमत कशी चुकवावी लागते तेही लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. साध्या सव्वा मीटरच्या, तळाशी कॉइल असलेल्या व्हिपचा रेडिएशन रेझिस्टन्स पाच ओहमच्या आसपास भरतो. फायबरच्या काठीवर तार वरच्या टोकाकडे दाट गुंडाळलेली असेल तर तो दुपटीपर्यंत जातो. लहर हवेत जाते ती एवढ्याच ओहमांच्या जोरावर. कॉइलचा आणि गाडीच्या पत्र्याचा मिळून तेवढाच रेझिस्टन्स आडवा आला तर रेडिओची निम्मी शक्ती नुसती उष्णता होते. सीबीला कायद्याने एएमवर 4 वॉट मिळतात, वरून शक्ती वाढवणारा लिनिअर अ‍ॅम्प्लिफायर लावायला मनाई आहे, आणि ती असावीच. त्यामुळे या 4 वॉटमधले किती बाहेर पडतात एवढंच आपल्या हातात उरतं.

एका हाताने टाळी वाजत नाही. वर दिसणारी काठी हा अँटेनाचा अर्धा भाग, उरलेला अर्धा म्हणजे गाडीचा पत्रा. दुकानात फक्त पहिला अर्धा विकत मिळतो.

16 ऑगस्ट

बहुतेक लोक चुंबकाच्या बैठकीचा अँटेना घेतात, छतावर ठेवतात आणि निघतात. स्टीलच्या छतावर ही पद्धत उत्तम चालते. चुंबकाखालचा पातळ थर आणि छत मिळून कपॅसिटर तयार होतो आणि रंग न खरवडता आरएफला (रेडिओच्या लहरीच्या करंटला) पत्रा मिळतो. पण 2015 पासून एफ-150 ची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे. छत, दारं, बॉनेट, हौदा, सगळं. खालची फ्रेम मात्र स्टीलची. फ्रिजवरचा चुंबक आणून गाडीभर फिरवला, तो बाहेरच्या पत्र्यावर कुठेच धरला नाही.

अ‍ॅल्युमिनियम विजेचं उत्तम वाहक आहे, स्टीलपेक्षाही चांगलं, तेव्हा ग्राउंड प्लेन (अँटेनाचा तो उरलेला अर्धा) म्हणून काहीच उणं नाही. प्रश्न त्याला पकडायचं कसं एवढाच. आणि आणखी एक: कॅबिन आणि हौदा हे दोन वेगळे डबे फ्रेमवर सुटेसुटे बसवलेले आहेत. डोळ्यांना गाडी एकसंध दिसते, 27 मेगाहर्ट्झला ती तीन सुटे तुकडे दिसते.

जागांचा विचार असा. हौद्याच्या कडेला जे चौकोनी खाचे असतात त्यांत बैठक बसवता येते, पण अँटेनाचा बराच भाग कॅबिनच्या पाठीमागे झाकला जातो आणि ग्राउंड म्हणून मिळतो तो सुटा हौदा. आरशाच्या दांड्यावर ट्रकवाले लावतात, कारण त्यांचे आरसे लोखंडी चौकटीचे असतात. माझे प्लास्टिकचे. बॉनेट आणि मडगार्ड यांच्या फटीतून वर येणारी ब्रॅकेट मिळते, मूळच्याच बोल्टवर बसते, भोक पाडावं लागत नाही. आणि शेवटी छताचा मध्य, जिथे भोक पाडावंच लागतं.

बॉनेटची ब्रॅकेट आधी लावून मोजणार. बिनभोकाच्या जागेवर काम भागत असेल तर छताला हात कशाला लावा.

24 ऑगस्ट

डाव्या मडगार्डवर ब्रॅकेट बसली. स्टेनलेसची, 3 मिलिमीटर जाड. त्यावर 3/8-24 आट्यांची बैठक आणि चार फुटी फायबरची काठी, शेंड्याला ट्यूनिंगचा स्क्रू असलेली. केबल आरजी-58, फायरवॉलच्या मूळच्या रबरी बुचातून आत.

केबल 18 फूटच हवी असा जो आग्रह सगळीकडे ऐकू येतो त्याबद्दल एवढंच: 18 फूट म्हणजे 27 मेगाहर्ट्झची हवेतली अर्धी लहर. घन पॉलिइथिलीनच्या केबलमध्ये लहर धीम्या गतीने जाते, तिथे अर्धी लहर 12 फुटांवरच पूर्ण होते. अँटेना जुळलेला असेल तर केबलची लांबी तितकीशी महत्त्वाची उरत नाही. मला लागली तेवढी कापली आणि पीएल-259 कनेक्टर झाळून घेतला.

मोजणी नॅनोव्हीएनएने (अँटेना मोजायचं छोटं उपकरण). बॉनेट आणि सगळी दारं बंद, गाडी मैदानात, आजूबाजूला काही नाही. एसडब्ल्यूआर (शक्ती किती परत येते त्याचं माप, 1.0 म्हणजे काहीच नाही) चॅनल 1 वर 1.4, चॅनल 20 वर 1.2, चॅनल 40 वर 1.4. मध्यावर रेझिस्टन्स 46 ओहम.

आकडे देखणे आहेत. इतके देखणे की मला ते पटत नाहीत. दहा-बारा ओहमच्या काठीवर 46 ओहम दिसत असतील तर मधले चौतीस-पस्तीस कुणाचे? एसडब्ल्यूआर हा फक्त रेडिओला किती शक्ती परत आली एवढं सांगतो. पुढे गेलेली शक्ती हवेत गेली की पत्र्याच्या सांध्यांत जिरली, हे त्याला ठाऊकच नसतं. 50 ओहमचा नुसता रेझिस्टर लावला तरी 1.0 दिसेल आणि पार्किंगच्या पलीकडे आवाज जाणार नाही.

30 ऑगस्ट

घरी गणपती बसलेत, त्यामुळे सकाळची आरती आटोपून दोनच तास मिळाले. ते एका छोट्या चाचणीवर खर्च केले आणि ती ज्याला-त्याला करून बघण्यासारखी आहे.

नॅनोव्हीएनए जोडलेला ठेवून केबल मुठीत धरायची आणि हात हळूहळू सरकवत न्यायचा. केबल स्वच्छ असेल तर पडद्यावरची रेघ हलत नाही. माझी हलली. फायरवॉलच्या बुचाजवळ मूठ आवळली की रेघेतला खळगा (जिथे एसडब्ल्यूआर सगळ्यांत कमी असतो ती जागा) सरळ अर्धा मेगाहर्ट्झ खाली घसरत होता, सोडली की परत जागेवर. म्हणजे केबलची बाहेरची जाळी स्वतःच अँटेना होऊन बसली होती. पत्र्याने करायचं काम ती करत होती, कारण ब्रॅकेटला पत्रा नीट मिळतच नव्हता. ब्रॅकेटच्या बोल्टखाली फॅक्टरीचा रंग आहे, मडगार्डही रंगीत बोल्टांवर अडकवलेलं, आणि बॉनेट तर दोन तेलकट बिजागऱ्यांवर. डीसीला हे सगळं जोडलेलं दिसतं. मल्टिमीटरवर 0.3 ओहम. आरएफला मात्र लांब आणि बारीक वाट म्हणजे वाट नसल्यासारखीच.

संध्याकाळी मैदानावर दुसरी व्यवस्था लावली. पलीकडच्या टोकाला तिपाईवर छोटा लूप, त्याला आरटीएल-एसडीआर (लॅपटॉपला जोडायचा छोटा रिसीव्हर) आणि लॅपटॉप, गेन हाताने एका जागी बांधलेला, नाहीतर तो आपोआप कमीजास्त होऊन सगळ्या मोजणीवर पाणी फिरतं. रिकाम्या चॅनलवर आधी ऐकायचं, मग थोडा वेळ कॅरिअर (न बोलता नुसती लहर) सोडायचा, समोरचा डेसिबलचा आकडा लिहायचा. गाडी जागच्या जागी वळवून चार दिशांना तेच. आजचा समोरचा आकडा शून्य धरला. पुढची सगळी तुलना याच्याशी.

6 सप्टेंबर

आजचा दिवस पट्ट्यांचा.

तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या जोडायच्या होत्या. बॉनेट ते मडगार्ड दोन्ही बाजूंनी, मडगार्ड ते कॅबिन, कॅबिन ते फ्रेम, हौदा ते फ्रेम आणि हौदा ते कॅबिन. गोल वायर चालत नाही. आरएफ फक्त पृष्ठभागावरून वाहतो, म्हणून रुंद, चपटी आणि शक्य तितकी आखूड पट्टी हवी. 25 मिलिमीटर रुंदीची घेतली.

इथे कोलोरॅडोतली एक अडचण आहे. हिवाळ्यात रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण फवारतात. ते कोरडं झालं तरी हवेतला ओलावा ओढून घेतं आणि गाडीखाली महिनोन्महिने चिकटून राहतं. त्या ओलाव्यात उघडं तांबं अ‍ॅल्युमिनियमला टेकलेलं असेल तर अ‍ॅल्युमिनियमची पांढरी पूड व्हायला एक हिवाळा पुरतो. म्हणून पट्टी कथिलाचा मुलामा असलेली, लगही (पट्टीच्या टोकाची, बोल्टमध्ये अडकणारी कडी) कथिलाच्या मुलाम्याचे. अ‍ॅल्युमिनियम आणि कथिल एकमेकांना बऱ्यापैकी सोसतात.

एक सांधा कसा केला तो लिहितो, बाकीचे तसेच. मडगार्डच्या आतल्या बाजूला मूळचा एम6 बोल्ट काढला. त्याच्याभोवती रुपयाएवढ्या जागेवरचा रंग हिरव्या नायलॉनच्या पॅडने उतरवला. वायर ब्रश वापरला नाही, त्याचे स्टीलचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात. उघडा पत्रा चमकला की थांबायला वेळ नसतो, कारण हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर चढू लागतो. लगेच जस्ताची पूड असलेलं अँटिऑक्सिडंट मलम बोटाने चोळलं आणि ते ओलं असतानाच त्याच पॅडने पुन्हा घासलं, म्हणजे नवा थर मलमाखालीच निघतो. मग लग, वर चपटा वॉशर, स्प्रिंग वॉशर, बोल्ट. हाताने आवळून शेवटचा पाव फेरा पान्याने. अ‍ॅल्युमिनियमचे आटे जोर सहन करत नाहीत. बाहेर ओघळलेलं मलम पुसलं नाही, त्यावरच मेणाचा फवारा मारला.

बॉनेटची पट्टी बसवताना ती उघडझाप होताना कुठे चिमटत नाही ना, हे बघायला मुलगा बोनेट वरखाली करत होता आणि मी खाली टॉर्च घेऊन. त्याने विचारलं, "बाबा, एवढं करून आवाज किती लांब जाणार?" सपाटीवर आठ-दहा मैल मिळाले तरी चांगलं म्हणायचं, असं सांगितलं. त्याला ते फार कमी वाटलं. पण पुढच्या आठ मैलांत काय आहे हेच तर हवंय.

20 सप्टेंबर

पट्ट्यांनंतर खळगा सरकला होता, शेंड्याचा स्क्रू फिरवून पुन्हा चॅनल 20 वर आणला. आता मध्यावरचा रेझिस्टन्स 28 ओहम. एसडब्ल्यूआर 1.8, आणि कडेच्या चॅनलवर दोनाच्या पुढे.

मैदानावरचा समोरचा आकडा: अधिक 2 डेसिबल.

एसडब्ल्यूआर बिघडला आणि सिग्नल वाढला. 46 चे 28 झाले म्हणजे जिरवणारे अठरा ओहम निघून गेले. काठी तीच, तिच्या वाट्याला येणारी शक्ती दीडपटीहून थोडी अधिक झाली. 1.8 वर जी 8 टक्के शक्ती परत फिरते ती यापुढे किरकोळ आहे. ज्यांनी नुसता मीटर बघितला असता त्यांनी पट्ट्या काढून टाकल्या असत्या. सीबीच्या दुनियेत सगळी चर्चा एसडब्ल्यूआरपाशी सुरू होते आणि तिथेच संपते, हे मला मनापासून खटकतं. मीटर 1.5 दाखवतो म्हणून समाधानी असलेल्या किती गाड्या निम्म्याहून जास्त शक्ती बिजागऱ्यांत जाळत फिरत असतील.

मुठीची चाचणी पुन्हा केली. रेघ जरा हलते, पण पूर्वीसारखी घसरत नाही.

दिशांचं मात्र समाधान नाही. काठी डाव्या पुढच्या कोपऱ्यात, म्हणून उजव्या मागच्या बाजूला जोर आणि डाव्या पुढच्या बाजूला पाच डेसिबल कमी. उजवीकडे वळणाऱ्या रस्त्यावर पुढचा ट्रक नेमका कोणत्या कोनात असेल हे कसं सांगणार? मला पुढे आणि मागे सारखंच हवंय.

27 सप्टेंबर

छत.

घरात हा विषय काढला. बायको म्हणाली, "चांगल्या गाडीच्या डोक्यात भोक पाडणार आहेस? आणि पावसाचं पाणी?" रास्त प्रश्न आहे. एनएमओ बैठक काढून दाखवली. टॅक्सी, पोलीस, रुग्णवाहिका यांच्या छतावर हीच असते, 19 मिलिमीटरचं भोक, खाली दातेरी कडं, वर रबरी रिंग, अँटेना काढला की वर बसणारी टोपी. तिने टोपी फिरवून घट्ट बसते का ते पाहिलं आणि म्हणाली, "बरं, पण मध्यावर घे, तिरकं दिसता कामा नये." तिरकं असून मलाही चालणार नव्हतं, दिसण्यापेक्षा दिशांसाठी.

गॅरेजचा प्रश्नही इथे सुटतो. व्हिप आणि कॉइल एकत्रच दोन फेऱ्यांत निघतात, बैठकीची उंची सेंटीमीटरभर. 196 चे 197 झाले. दार 213 चं.

4 ऑक्टोबर

सरदारजी आले होते, मदतीपेक्षा कुतूहलाने. पण छताचं अस्तर खाली घ्यायला चार हात लागतातच.

छताच्या दोन्ही कडांना पडद्याच्या एअरबॅग आहेत. केबल त्यांच्यासमोरून जाता कामा नये, नाहीतर अपघाताच्या क्षणी ती पिशवीला अडवेल. बॅटरी सोडवून ठेवली, अस्तराची फक्त मागची कड मोकळी केली, केबल मध्यावरून सरळ मागे आणि तिथून मागच्या खांबाच्या आतून, एअरबॅगच्या पाठीमागे, मूळच्या वायरिंगच्या जुडग्याला बांधत खाली. पुढच्या खांबांना हातच लावला नाही.

मध्य काढायला मास्किंग टेपच्या दोन लांब पट्ट्या तिरक्या ताणल्या. आतून छताला आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या आहेत, भोक त्यांच्यामध्ये यावं म्हणून आधी आतून बोटाने ठोकून आवाज ऐकला. भरीव आवाज आला ती पट्टी. चिन्ह चार सेंटीमीटर मागे सरकवलं.

भोकासाठी खांदा असलेली होल-सॉ वापरली, पत्रा संपला की ती आपोआप अडते, अस्तरापर्यंत जात नाही. अ‍ॅल्युमिनियम कापताना थेंबभर तेल आणि ड्रिल धीम्या वेगावर. चार-पाच सेकंदांत चकती निघाली. कीस मात्र चिवट. लोखंडाचा असता तर चुंबकाने वेचता आला असता, हा नाही येत, म्हणून आतून भोकाखाली व्हॅक्यूमची नळी धरून सरदारजी उभे होते. कडेच्या धारेवरून बारीक सँडपेपर फिरवला. खालच्या बाजूला कडं बसतं तेवढाच रंग उतरवला, तिथेही तेच मलम. वरच्या बाजूचा रंग शाबूत ठेवला, कारण रबरी रिंग गुळगुळीत रंगावरच पाणी अडवते.

मग बादलीभर पाणी ओतलं. खाली टिशू पेपर कोरडा.

5 ऑक्टोबर

तुलनेसाठी आधी तीच फायबरची काठी अ‍ॅडॅप्टर लावून छतावर उभी केली. अँटेना तोच, रेडिओ तोच, जागा बदलली. मैदानावर समोर अधिक 4 डेसिबल, आणि डाव्या पुढच्या बाजूला, जिथे मडगार्डवरून मार खात होता, तिथे एकदम 7 ने वाढ. चारही दिशांमधला फरक दीड डेसिबलच्या आत. मुठीच्या चाचणीत रेघ अजिबात हलली नाही.

4 डेसिबल म्हणजे अडीचपट. 4 वॉटच्या जागी 10 वॉट लावल्यासारखं, आणि तेही कायद्यात राहून.

जाड काठी छतावर कायमची ठेवणार नाही. ताशी 75 मैलांवर वाऱ्याचा सगळा भार पातळ पत्र्यातल्या त्या 19 मिलिमीटरच्या भोकावर येतो. कायमसाठी तळाशी कॉइल असलेली दीड मीटरची बारीक स्टीलची व्हिप. ती वाऱ्याने मागे झुकते आणि भार सोडून देते. जमिनीपासून शेंडा साडेतीन मीटरवर, बोगद्याच्या बराच खाली.

ट्यूनिंग: व्हिप लांबच येते, कापून जुळवायची. नियम सोपा. चॅनल 40 वर एसडब्ल्यूआर जास्त असेल तर अँटेना लांब आहे, चॅनल 1 वर जास्त असेल तर आखूड. दोन्हीकडे सारखाच वाईट असेल तर कात्री बाजूला ठेवायची आणि ग्राउंड बघायचं. हे स्टील कठीण असतं, कात्रीने तुटत नाही, कटिंग डिस्क आणि डोळ्यांवर गॉगल. एका वेळी 5 मिलिमीटर, शेवटी शेवटी 2. कापलेलं टोक तसंच टोकदार ठेवायचं नाही. कोरड्या बर्फात धारदार टोकावरून स्थिर वीज झिरपते आणि रेडिओत शीळ वाजते. घासून गोल केलं आणि वर मूळची टोपी परत चढवली.

शेवटचे आकडे: चॅनल 1 वर 1.5, चॅनल 20 वर 1.2, चॅनल 40 वर 1.6. मैदानावर समोर अधिक 5.

11 ऑक्टोबर

वीज थेट बॅटरीवरून, सिगारेट लायटरच्या सॉकेटवरून नाही. लाल वायर बॅटरीच्या टोकापाशीच 5 अँपिअरच्या फ्यूजमधून. काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकाला लावली नाही. या गाडीत त्या टोकावर बॅटरीचा हिशेब ठेवणारा सेन्सर आहे, त्याला वळसा घालून करंट नेला तर चार्जिंगचा अंदाज चुकतो. म्हणून ती बॉडीच्या अर्थ-बोल्टला.

इंजिन चालू केल्यावर टरटर ऐकू येत होती, रेस वाढवली तरी तिचा सूर बदलत नव्हता, म्हणजे आल्टरनेटर नव्हे. फ्यूज एकेक काढून पाहिले, इंधनपंपाच्या नियंत्रकाचा आवाज निघाला. रेडिओच्या वायरींवर आणि पंपाच्या वायरीवर 31 नंबर मिश्रणाचे फेराइट (असला गोंगाट अडवणारी कडी), प्रत्येकातून जमतील तेवढे वेढे. टरटर पूर्ण गेली नाही, पण स्क्वेल्च (कोणी बोलत नसताना खरखर बंद ठेवणारं बटण) आता पूर्वीच्या निम्म्यावर उघडतो.

18 ऑक्टोबर

दुपारी नुसता ऐकत बसलो. सूर्याच्या डागांचं 25 वं चक्र अजून जोरात आहे, त्यामुळे 11 मीटरच्या लहरी आयनोस्फिअरवरून उसळी मारून हजारो किलोमीटरवर उतरतायत. चॅनल 19 वर दक्षिणेकडच्या बोलीतले आवाज एकावर एक. 250 किलोमीटरच्या पलीकडे बोलायला पूर्वी बंदी होती, ती 2017 मध्ये निघाली. मौज आहे, पण माझ्या कामाला अडथळाच. दोन मैलांवरचा ट्रक त्या गदारोळात बुडतो. मैदानावर मिळवलेले पाच डेसिबल इथे ऐकायला कामी येत नाहीत, कारण अँटेना तो गदारोळही तेवढाच जास्त उचलतो; ते उपयोगी पडतात मी बोलतो तेव्हा.

8 नोव्हेंबर

पहिला खरा प्रवास, परतीचा, ग्रँड जंक्शनहून. ग्लेनवुड कॅन्यनमध्ये अपेक्षेप्रमाणे खडकाच्या वळणापलीकडचं काहीच येत नव्हतं. या लहरींना डोंगर भेदता येत नाही आणि कोणताही अँटेना ते बदलणार नाही. डॉटसेरोच्या पुढे दरी उघडली आणि आवाज यायला लागले.

व्हेल खिंडीच्या चढाला लागण्याआधी, ईगलच्या आसपास, एक ट्रकवाला दुसऱ्याला सांगत होता की वर उजवी लेन अडलीये, एक ट्रेलर साखळ्या न लावता चढायला गेला आणि आडवा झालाय. या पट्ट्यात सप्टेंबर ते मे व्यापारी गाड्यांना साखळ्या सोबत ठेवणं सक्तीचं आहे, पण सोबत असणं वेगळं आणि उतरून थंडीत लावणं वेगळं. मी मायक्रोफोन उचलून विचारलं, डावी लेन चालू आहे का. "चालू आहे, पण हळू, बर्फ घट्ट झालंय," असं उत्तर आलं, स्पष्ट, एकदाही 'पुन्हा सांगा' न म्हणता. मी व्हेलमध्येच थांबून कॉफी घेतली, अर्ध्या तासाने रस्ता मोकळा झाल्याचं त्याच चॅनलवर कळलं. फोनच्या नकाशावर तोपर्यंत रस्ता हिरवाच होता.

व्हिपवर बर्फाचा थर चढल्यावर एसडब्ल्यूआर चॅनल 40 वर 1.9 पर्यंत गेला. थर पडताच खाली. शीळ नाही.

9 नोव्हेंबर

आज गाडीखाली पाण्याचा फवारा मारून पट्ट्यांचे सांधे पाहिले. मलम जागेवर आहे, मेण दोन ठिकाणी निघालंय, तिथे पुन्हा मारलं. अँटेना छतावर गेला तरी बॉनेटच्या पट्ट्या काढणार नाही. एक बाजू सोडून ऐकलं तेव्हा इंजिनाची खरखर लगेच वाढली.

मडगार्डची ब्रॅकेट आणि फायबरची काठी मूळच्या नाशिकच्या मित्राला देतोय, त्याच्याकडे नवी जीप आहे. तिचंही बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं. सोबत उरलेल्या दोन पट्ट्या, मलमाची ट्यूब आणि 46 ओहम ते 28 ओहमची ती पानं फोटो काढून पाठवली आहेत. पुढच्या शनिवारी तिपाई आणि लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे जायचंय, आधी पट्ट्यांशिवाय मोजायचं आणि मग पट्ट्या लावून.